खजिनदारासोबत जुन्नर : चार दिवसांची सहल

सहामाही परीक्षा संपली, दिवाळी झाली, भाऊबीजेचे पाहुणे आपापल्या गावी परतले आणि शाळा उघडायला तरीही आठ दिवस उरले होते. नववीतल्या मुलाला घेऊन सुटीत कुठे जावे, हा प्रश्न बाहेरून वाटतो तितका सोपा नाही. समुद्र त्याला चिकट वाटतो, थंड हवेच्या ठिकाणी ‘करायला काहीच नसतं’ आणि नातेवाइकांकडे जाण्याचा विषय निघाला की तो ऐकूच न आल्यासारखा दुसऱ्या खोलीत जातो. शेवटी मी त्याच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला : ठिकाण आम्ही ठरवू, खर्च मात्र त्याने करायचा. राहण्याचे पैसे आधीच भरलेले होते. पेट्रोल, जेवणखाण, तिकिटे, दक्षिणा आणि आयत्या वेळी जे काही निघेल त्या सगळ्यासाठी बारा हजार रुपये रोख त्याच्या हाती द्यायचे आणि चौथ्या दिवशी घरी परतल्यावर जे उरेल ते त्याचे. मी बँकेत रोखपाल आहे. पैसा हातात आला की माणसाचा चेहरा कसा बदलतो, हे गेली वीस वर्षे काचेच्या अलीकडून पाहते आहे. घरच्या माणसावर हा प्रयोग कधी केला नव्हता. त्याने दोन मिनिटे विचार केला आणि एकच अट घातली, की हिशेब वहीत लिहीन, मोबाइलमध्ये नाही, कारण मोबाइल तुम्ही उघडून बघता.

जुन्नर ठरले ते आम्हा तिघांच्या तीन हट्टांतून. नवऱ्याला कॉलेजात असताना पाहिलेला नाणेघाट पुन्हा पाहायचा होता. सासूबाईंचे अष्टविनायकांपैकी सात गणपती झाले होते, लेण्याद्रीचा गिरिजात्मज तेवढा गुडघ्यांमुळे राहून गेला होता. मला चार दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहायचे नव्हते. खजिनदाराने नकाशावर अंतर मोजले, पुण्याहून जुन्नर शंभर किलोमीटरच्या आत असल्याची खात्री करून घेतली आणि होकार दिला.

पहिला दिवस, शुक्रवार : पुणे ते खोडद आणि जुन्नर

पहिली नोंद पेट्रोलपंपावर झाली. टाकी पूर्ण भरायची की नाही, यावर बापलेकांत चर्चा झाली. परत आल्यावर टाकीत जे पेट्रोल शिल्लक राहील ते गाडीच्या मालकाच्या फायद्याचे असेल आणि त्याचे पैसे आपल्या बाराहजारांतून का जावेत, असा मुलाचा मुद्दा होता. मुद्दा बरोबर असल्यामुळे माझा नवरा चिडला. चाकणच्या नेहमीच्या कोंडीत पाऊण तास गेला, त्यात हा विषय पुरला.

राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून आम्ही न्याहारीला थांबलो, तेव्हा खजिनदाराने चौघांत तीन मिसळी सांगितल्या, कारण आजी अर्धीच खाते आणि उरलेली अर्धी नेहमी आईच्या ताटात येते, हे त्याने इतकी वर्षे पाहिलेले होते. सासूबाईंनी त्या दिवशी संपूर्ण मिसळ खाल्ली. मला वाटते, मुद्दामच.

नारायणगावातून जुन्नरसाठी पश्चिमेला वळावे लागते, परंतु आम्ही आधी पूर्वेला, खोडदला गेलो. तिथल्या रेडिओ दुर्बिणीला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपला, सगळे जण जीएमआरटी म्हणूनच ओळखतात. शुक्रवार गाठण्याचे कारण हेच, की सामान्य लोकांना ती त्या दिवशी, आधी परवानगी घेऊन पाहता येते. टोमॅटो, कांदा आणि उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणानंतर पहिली तबकडी दिसली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘वाऱ्यानं उलटलेली छत्री.’’ इतकी अचूक उपमा मला सुचली नसती. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत, त्यामुळे सगळ्या मिळून सुमारे २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. ज्यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून ही दुर्बीण उभी राहिली, ते खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप २०२० साली वारले.

फाटकाजवळ मोबाइल बंद करायला सांगितले. आकाशातून येणारे रेडिओ तरंग इतके क्षीण असतात, की शेजारी चालू असलेला फोन म्हणजे कुजबुज ऐकू पाहणाऱ्याच्या कानाशी ढोल वाजवण्यासारखे आहे. मला वाटले होते, आता आमच्याकडे नाराजी होणार. मुलाने फोन बंद करून खिशात टाकला आणि वडिलांच्या मनगटाकडे बोट दाखवले. त्यांच्या घड्याळात ब्लूटूथ चालू होते आणि ते बंद कसे करायचे हे त्यांना माहीत नव्हते.

जवळून पाहिल्यावर कळते, की तबकडी भरीव नाही. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर तारांचे दोर ताणलेले आहेत आणि त्यांवर बारीक तारेची जाळी बसवलेली आहे, जिच्यातून पलीकडचे निळे आकाश आणि एक घार स्पष्ट दिसत होती. मुलाने विचारले, की भोकांतून सिग्नल गळून जात नाही का. समजावून सांगणाऱ्या तरुणाने उत्तर दिले, की ही दुर्बीण जे तरंग पकडते त्यांची लांबी वीतभरापासून काही मीटरपर्यंत असते, म्हणून बोट जेमतेम शिरेल एवढी जाळी त्या तरंगांना भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च पुष्कळ वाचला. ‘खर्च वाचला’ हे शब्द ऐकल्यावर आमच्या खजिनदाराने पहिल्यांदा मान वर करून तबकडीकडे नीट पाहिले. याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजन वायूचा संकेत सापडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले होते. तो संकेत तिथून निघाल्याला सुमारे ८८० कोटी वर्षे झाली होती. मुलाने हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर, खर्चापासून दूर, लिहून ठेवला.

आम्ही उभे असतानाच एक तबकडी वळू लागली. आवाज जवळजवळ नव्हताच. शेजारच्या शेतात खुरपणी करणाऱ्या दोन बायकांनी वर पाहिलेसुद्धा नाही.

मुक्काम जुन्नरच्या बाहेर एका शेतघरात होता. मागे उसाचे फड, समोर शिवनेरीची काळी आकृती. मालकांनी खोली दाखवण्याआधी एकच सूचना दिली, की अंधार पडल्यावर उसाच्या कडेला कुणी जायचे नाही आणि अंगणाबाहेर पडायचे असेल तर हाक मारायची. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो ही इकडे बातमी नाही. त्याच्या माद्या उसातच पिल्ले देतात, तोडणी सुरू झाली की लपण उरत नाही आणि मग गावाशी गाठ पडते. माणसे आणि जनावरे दोन्ही यात गेली आहेत, त्यामुळे मालकांच्या बोलण्यात पर्यटकांना रंगवून सांगण्याचा सूर अजिबात नव्हता. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, तिथे जाता येईल का, असे मुलाने विचारले. ते म्हणाले, ‘‘ते दवाखान्यासारखं आहे, बघायला जायची जागा नव्हे.’’

रात्री मासवडी होती. ती करताना पाहायला मालकीणबाईंनी सासूबाईंना चुलीपाशी बोलावले आणि मीही मागोमाग गेले. बेसन तिखटमीठ घालून पिठल्याहून घट्ट शिजवायचे, ओल्या फडक्यावर गरम असतानाच हाताला पाणी लावत पातळ थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, कांदा आणि लसूण यांचे सारण पसरायचे आणि फडक्यासकट दोन्ही कडा उचलून मधोमध आणायच्या. मग दाबून दोन्ही टोकांना निमुळता आकार द्यायचा, की फडके सोडल्यावर पाटावर मासा पडलेला दिसतो. नावातच काय तो मासा. त्याच्या वड्या कापून सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी वाढली. मुलाने सात वड्या खाल्ल्या, कारण जेवण राहण्याच्या पैशांत धरलेले होते.

दुसरा दिवस, शनिवार : शिवनेरी

सकाळी सातला निघालो. शिवनेरीची वाट आता बांधीव पायऱ्यांची आहे. वनखात्याने दोन्ही बाजूंना झाडे आणि बाग राखली आहे, त्यामुळे सासूबाई पहिल्या टप्प्यापर्यंत आल्या आणि तिथल्या सावलीत बसून त्यांनी आम्हाला पुढे जाण्याची परवानगी दिली. वाटेत एकामागून एक सात दरवाजे लागतात. हत्ती दरवाजाच्या जाड फळ्यांवरच्या लोखंडी खिळ्यांना हात लावण्याचा मोह येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला होत होता.

आधी शिवाई देवीचे दर्शन घेतले. तिच्याच नावावरून बाळाचे नाव शिवाजी ठेवले, असे परंपरा सांगते. १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही; परंतु ज्या किल्ल्यावर महाराज जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात कधीच आला नाही, हे मुलाला माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर निघण्याआधी वाचेपर्यंत मलाही नव्हते. १६५७ साली त्यांनी खालच्या जुन्नर शहरावर छापा घातला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले, असे इतिहासात वाचायला मिळते. किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला आणि मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात. जन्मस्थानाच्या इमारतीत पाळण्यासमोर गर्दी होती. मुले पाळण्याची दोरी ओढायला धावत होती आणि त्यांच्या आया त्यांना मागे खेचत होत्या. आम्ही पाच मिनिटे थांबून बाहेर आलो.

खजिनदाराची खरी पकड अंबरखान्यापाशी बसली. हे धान्याचे कोठार. १६७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला होता आणि किल्ल्यावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. नवऱ्याने हे वाक्य मोठ्या अभिमानाने ऐकवले. मुलाने वही काढली. एका कुटुंबात पाच माणसे, प्रत्येकाला रोज अर्धा किलो धान्य, म्हणजे दिवसाला अडीच हजार किलो, वर्षाला नऊ लाख बारा हजार पाचशे आणि सात वर्षांना जवळजवळ चौसष्ट लाख किलो, म्हणजे सहा हजार टनांहून अधिक. त्याने अंबरखान्याच्या पडक्या भिंती पावलांनी मोजल्या, मान हलवली आणि म्हणाला, ‘‘बाबा, यात नाही मावणार. एक तर अजून कोठारं असतील, नाही तर किल्लेदारानं त्याला गंडवलं असेल.’’ नवऱ्याला हे आवडले नाही. मला वाटते, किल्लेदाराने परदेशी पाहुण्याला आकडा फुगवून सांगितला असेल तर ते त्याचे कामच होते.

पुढे महादेव कोळ्यांचा चौथरा आहे. १६५० च्या सुमारास मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना पकडून इथे त्यांची शिरे कापली गेली. एवढ्या मोठ्या गोष्टीचा आवाज किल्ल्यावर फारसा ऐकू येत नाही. लोक चौथरा ओलांडून कडेलोटाच्या टोकाकडे फोटो काढायला निघून जातात. आम्हीही गेलोच. टोकावरून माणिकडोह आणि वडज या धरणांचे पाणी दिसते, तसेच पश्चिमेला चावंड किल्ला आणि त्यामागे, धुक्यात अर्धा बुडालेला, दुसऱ्या दिवशीचा जीवधन किल्ला.

या किल्ल्याच्या कातळात बौद्ध लेणीही कोरलेली आहेत. तिथपर्यंत आम्ही चढलो नाही, परंतु तिथल्या ब्राह्मी लेखांतले दोन दाते माझ्या लक्षात राहिले आहेत. दोघेही यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या, म्हणजे लेखाच्या भाषेत ‘बे पोढियो’, दिल्या आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. कुणी, काय, कुणाला : तीन रकान्यांत बसेल एवढाच मजकूर. मी हे सांगितल्यावर मुलाने विचारले, की किती पैसे लागले ते लिहिले आहे का. लिहिलेले नाही.

खाली उतरल्यावर वाहनतळावर वाद झाला. एका माणसाने पन्नास रुपये मागितले. खजिनदाराने पावती मागितली. पावती नव्हती. ‘‘पावतीशिवाय नोंद कशी करू?’’ या प्रश्नावर तो माणूस आधी हसला, मग रागावला, मग त्याने वीस रुपये घेतले. सासूबाईंना हा नातू एकदम कर्तबगार वाटला. मला उगीचच त्या माणसाची दया आली आणि मी माझ्या पर्समधून तीस रुपये गुपचूप काढून दिले. ही नोंद कोणत्याही वहीत नाही.

संध्याकाळी बाजारपेठेत मटकी भेळ खाल्ली. जुन्नरची भेळ म्हणजे कुरमुरे नावाला आणि मोड आलेली मटकी भरपूर, वर कांदा, शेव आणि एक तळलेली मिरची. चारही प्लेट पूर्ण सांगितल्या गेल्या. मिसळीचा धडा लक्षात होता.

तिसरा दिवस, रविवार : नाणेघाट

जुन्नरहून नाणेघाट तीसेक किलोमीटर. आपटाळे सोडल्यानंतर लवकरच मागचे चाक बसले. टायर बदलण्यात नवऱ्याला मदत करताना मुलगा सतत विचारत होता, की पंक्चर हा गाडीचा खर्च की सहलीचा. निकाल सहलीच्या बाजूने लागला आणि त्याच्या वहीत त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या गेल्या.

पूर गावाजवळच्या कुकडेश्वराला थांबलो. कुकडी नदीचा उगम इथलाच. दगडी मंदिराच्या कोरीवकामावरून हात फिरवावासा वाटतो. पुरातत्त्ववाल्यांना ते आवडणार नाही, म्हणून नुसते डोळे फिरवले. पुढे घाटघरपर्यंत दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती. खाचरांत पेंढ्या पडलेल्या, मधल्या खळ्यावर चारपाच माणसे भारे झोडत होती आणि वाऱ्यावर तुसाचा सोनेरी धुरळा उडत होता. या भागातली महादेव कोळी कुटुंबे भाताबरोबर जंगलातल्या हिरड्यावरही जगतात.

पावसाळ्यात इथे खालून येणाऱ्या वाऱ्याने धबधबा उलटा वर उडतो, म्हणून तेव्हा मोठी गर्दी होते. नोव्हेंबरात धबधबा नव्हता आणि गर्दीही बेताची होती. गाडीतळापासून थोडे चालले की पठार अचानक संपते, दोन कड्यांच्या मधे एक अरुंद नळी उघडते आणि तिच्या तोंडाशी दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर इथून वर चढायचा आणि जुन्नरला जायचा. त्यावर घेतलेल्या जकातीची नाणी या रांजणात टाकत, असे सांगतात. ही खरीच जकातीची पेटी होती की पाण्याचा रांजण, याबद्दल जाणकारांना शंका आहे. सासूबाईंना शंका नव्हती. त्या रांजणाशेजारच्या दगडावर बसल्या आणि नातवाला म्हणाल्या, ‘‘तू जाऊन ये. मी गल्ल्यावर बसते.’’

नळीतून दगडी पायऱ्यांनी खाली उतरले, की काही मिनिटांत डाव्या हाताला गुहा लागते. चौकोनी दालन, कडेने दगडी बाक, आत गारवा. मागच्या भिंतीवर कधीकाळी सातवाहन राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती नाहीत. डोक्यावर कोरलेली नावे आहेत आणि पायांच्या खुणा आहेत. राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरि सातकनी, मग महारठी त्रनकयिर, मग कुमार हकुसिरि. महारठी हा शब्द दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भिंतीवर वाचताना मराठी माणसाला जे वाटायचे ते वाटतेच, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

डाव्या आणि उजव्या भिंतींवरचा लांबलचक ब्राह्मी लेख राणी नागनिकेचा, म्हणजे वरच्या नावांतल्या देवी नायनिकेचा आहे. तिच्या घराण्याने केलेले यज्ञ, अश्वमेधसुद्धा, आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा त्यात ओळीने नोंदवली आहे. गायी १,७००. हत्ती १०. कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, एका ठिकाणी २४,४०० आणि दुसऱ्या ठिकाणी ६,००१. नवऱ्याने लेखाची छापील नक्कल सोबत आणली होती आणि तो ती भिंतीशी ताडून पाहत होता. भिंत खडबडीत आहे, अक्षरे झिजली आहेत, शिवाय अलीकडच्या काळातल्या प्रेमवीरांनीही आपली नावे त्यात मिसळली आहेत. तरीही अमुक ओळ, तमुक चिन्ह असे करत दहा मिनिटांत आकडे सापडू लागले.

मुलगा तोपर्यंत बाकावर बसून होता. ‘‘ही हिशेबाची वही आहे,’’ तो एकदम म्हणाला आणि उठून भिंतीजवळ आला.

नाणेघाटच्या लेखातले आकडे भारतीय अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत मोजले जातात. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चार अधिकच्या चिन्हासारखा. सात तर आजच्या इंग्रजी सातचा पणजोबा शोभेल असा. गंमत अशी, की इथे शून्य नाही आणि स्थानावरून किंमतही ठरत नाही. २४,४०० लिहायचे तर वीस हजाराचे एक चिन्ह, चार हजाराचे दुसरे आणि चारशेचे तिसरे, अशी शेजारी शेजारी मांडायची. चारशेचे चिन्हही शंभराच्या चिन्हाला चारचे चिन्ह जोडून केलेले. मुलगा म्हणाला, की हे फारच लांबण आहे. मी म्हटले, की आम्ही धनादेशावर आजही असेच लिहितो. आकड्यांत २४४०० आणि त्याखाली अक्षरी रुपये चोवीस हजार चारशे फक्त. अक्षरांतला हिशेब नाणेघाटाच्याच पद्धतीने चालतो, त्यात शून्य येत नाही आणि म्हणूनच तो खाडाखोड करून फुगवता येत नाही. माझ्या नोकरीबद्दल मुलाने आस्थेने ऐकलेले हे पहिलेच वाक्य असावे.

मग त्याने वही गुडघ्यावर ठेवून चिन्हे उतरवून घ्यायला सुरुवात केली. छापील नकलेवरून नव्हे, भिंतीवरून. जिथे भिंतीवर दिसत नव्हते तिथेच नक्कल पाहिली. पाऊण तास गेला. एक मोठा ग्रूप आला, घोषणा देऊन, फोटो काढून निघून गेला. नवरा दोनदा वर जाऊन सासूबाईंना पाणी देऊन आला. मी दाराशी बसून खाली कोकणाकडे उतरत जाणारी वाट पाहत होते, जिच्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

वर आलो तेव्हा सासूबाईंकडे खरोखरच गल्ला जमला होता. दोन लहान मुलांनी त्यांना जकातवाली समजून एक चिंच आणि तीन बोरे दिली होती.

नानाचा अंगठा नावाच्या कड्यावर जाऊन जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका पाहिला. वारा इतका होता, की बोलणे अशक्य झाले. परतताना गाडीत सगळे झोपले, चालवणारा सोडून.

चौथा दिवस, सोमवार : लेण्याद्री आणि परत

लेण्याद्रीच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे, माणशी पंचवीस रुपये. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. आमच्या मुलाला जानेवारीत पंधरावे पूर्ण होणार आहे, पण तो आताच वडिलांच्या कानापर्यंत पोचला आहे आणि ओठांवर लव आली आहे, त्यामुळे खिडकीतल्या माणसाने संशयाने पाहिले. इतर वेळी ‘लहान मुलगा’ म्हटले की चिडणाऱ्या खजिनदाराने शाळेचे ओळखपत्र पुढे केले आणि जन्मतारखेवर बोट ठेवले.

पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि खालूनच हात जोडले. ‘‘माझा इथूनच नमस्कार पोचला,’’ असे म्हणून त्या हारांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या. डोलीवाल्यांनी दर सांगितला. तो ऐकून माझ्या नवऱ्याने खिशात हात घातला, कारण ही रक्कम बाराहजारांच्या हिशेबात बसत नाही असे त्याला वाटले. मुलाने त्याला थांबवले, उरलेल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, डोलीवाल्यांशी थोडी घासाघीस केली, जमली नाही, आणि पूर्ण पैसे दिले. आजीला फक्त इतकेच म्हणाला, ‘‘बस. आठवा गणपती आहे.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘डोलीत बसायला मी काय नवरी आहे?’’ आणि पदर सावरून बसल्या.

मी आणि मुलाने पायऱ्या मोजल्या. माझ्या आणि त्याच्या मोजणीत अकराचा फरक आला. त्याचे म्हणणे, की मी वळणावरचे टप्पे धरले. माझे म्हणणे, की त्याने दोनदोन पायऱ्या एकदम चढताना गडबड केली. वाटेत माकडे होती आणि मधमाश्यांमुळे आवाज न करण्याची सूचना होती.

गिरिजात्मजाचे मंदिर म्हणजे मुळात बौद्ध विहार, लेणे क्रमांक ७. एवढे मोठे दालन, पण आत एकही खांब नाही. तीन बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि समोर गणपती. सासूबाई खांब नसलेल्या त्या छताखाली बराच वेळ बसल्या. त्यांनी काय मागितले ते विचारले नाही. बाहेरच्या खांबांवर हत्ती, बैल आणि सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत, आणि त्यांच्यामधून खाली कुकडीचे खोरे आणि समोर शिवनेरी दिसते.

शेजारचे लेणे क्रमांक ६ हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचे प्रार्थनागृह आहे आणि त्याच्या दर्शनी भागावर एक छोटा लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा, सोनार किंवा खजिनदार. नवऱ्याने हे वाचून दाखवले तेव्हा मुलगा त्या ओळीखाली बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, ‘‘म्हणजे खजिनदार बाप होता. खर्च मुलानं केला.’’

परतीच्या रस्त्यावर उल्लेख करण्याजोगे काही घडले नाही. नारायणगावला उसाचा रस पिऊन निघालो, चाकणला पुन्हा कोंडी लागली, संध्याकाळी सातला घरी पोचलो. 

रात्री जेवणानंतर वही टेबलावर आली. चार दिवसांचा खर्च तारीखवार लिहिलेला होता. पंक्चरखाली दोन रेघा, वाहनतळापुढे ‘पावती नाही’, डोलीपुढे ‘दान’. बेरीज मी माझ्या सवयीने दोनदा तपासली, ती बरोबर होती. शिल्लक मात्र आकड्यांत लिहिलेली नव्हती. तिथे नाणेघाटच्या भिंतीवरची तीन चिन्हे शेजारी शेजारी काढली होती, आणि उरलेल्या नोटा तो आधीच कपाटात ठेवून आला होता. ‘‘वाचता आलं तर निम्मे तुमचे,’’ असे सांगून तो झोपायला गेला. बेरजेवरून वजाबाकी करणे सोपे होते, पण नवऱ्याने आणि मी तसे न करण्याचे ठरवले. पहिल्या चिन्हाला अधिकची खूण चिकटली आहे, म्हणजे ते चारशेचे असावे. उरलेल्या दोन चिन्हांवर सासूबाई चष्मा लावून बसल्या आहेत.